हिरव्या ठिपक्यातल्या सासूबाई

...आणि वर मलाच म्हणतात, 'तुमचं बरंय हो, तुम्ही बसून आकडे भरता!' बसून! तुम्हाला सांगतो, पूर आला ना, की माणसं दोन दिशांना धावतात. काही पाण्याकडे आणि उरलेली सगळी माझ्याकडे. पाण्याकडे जाणाऱ्यांना निदान लाइफ जॅकेट तरी देतात. मला काय दिलं? एक चाक निखळलेली खुर्ची आणि एक कॉम्प्युटर, जो मध्येच विचारात पडतो. वाचनालयाचा वरचा मजला, पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवलेली, वर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि त्या पाटीखाली मदत केंद्राचे सगळे फोन एकदम कोकलतायत! त्यात जो येतो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच म्हणतो... 'ते सगळं राहू द्या हो, तुम्ही फक्त आकडा सांगा, आकडा!'

आता आकडा काय झाडाला लागतो? अहो, पांघरुणं वाटणारे वस्तीत जातात, ते माणसं मोजतात. पाणी वाटणारे जातात, तेही तीच माणसं मोजतात. औषधवाले जातात, ते मोजतात आणि वर जीभही बाहेर काढायला लावतात. आणि तिघंही आपापली माहिती माझ्या गळ्यात टाकून मोकळे! मी सरळ बेरीज केली असती तर पुरानंतर गावं तिप्पट भरली असती. म्हणजे माझा दिवस कशात जातो, तर एकच आजोबा तीन ठिकाणी पसरलेत, त्यांना गोळा करून पुन्हा एक करण्यात! एकीकडे ते 'एक पांघरूण', दुसरीकडे 'दोन बादल्या', तिसरीकडे 'खोकला'. मी आपला त्यांना हुडकतोय, आजोबा, या हो इकडे, एकत्र या... आणि मागून हाक, 'झालं का? आकडा सांगा, आकडा!'

ही हाक आमच्या साहेबांची. माणूस वाईट नाही हो, उगाच कशाला खोटं बोलू. फक्त नीटनेटका आहे. इतका नीटनेटका, की तुमच्याशी बोलताबोलता तुमच्याच टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवतो. त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावून घेतला होता, पडद्यावरचा. एकेक वस्ती म्हणजे एकेक ठिपका. फार गरज आहे तिथे लाल, बऱ्यापैकी गरज तिथे पिवळा, आणि सगळं ठीक तिथे हिरवा. बोटी कुठे पाठवायच्या ते या नकाशावरून ठरायचं. बोटी मोजक्या, म्हणून लालकडे आधी, मग पिवळ्याकडे. हिरव्याकडे कोण जातंय?

आणि घोडं अडलं ते तिथेच! नदीच्या वळणावर एक वस्ती आहे. तिची माहितीच आली नव्हती. कुणी गेलं नाही, कुणाचा फोन नाही, काही नाही. रकाना रिकामा. आता रिकामं म्हणजे काय? रिकामं म्हणजे ठाऊक नाही. हे तुम्हाला कळतं, मला कळतं, पण त्या यंत्राला कुठलं कळायला? त्याने रिकाम्याचं शून्य केलं. बेघर शून्य, आजारी शून्य, पाणी नसलेले शून्य. आणि शून्य गरज म्हणजे? हिरवा! पूर्ण नकाशात सगळ्यात टवटवीत, सगळ्यात सुखी ठिपका कुठला, तर ज्याची आपल्याला कवडीची खबर नाही तो!

तेवढ्यात घरून बायकोचा फोन. आता सांगायचं राहिलंच, त्या वळणावरच्या वस्तीत माझ्या सासूबाई राहतात. एकट्याच. सासरे गेल्यावर आम्ही किती सांगितलं, या आमच्याकडे... पण नाही. बायको म्हणाली, "अहो, आईचा फोन लागत नाही काल सकाळपासून. तुमच्या त्या नकाशात बघा ना जरा."

मी म्हटलं, "बघितलं. हिरवं आहे."

"म्हणजे ती बरी आहे?"

"म्हणजे... तसं ठाऊक नाही."

"मग हिरवं कशाला केलंत?"

बोला! त्या अख्ख्या मजल्यावर एवढी शहाणीसुरती माणसं, हा साधा प्रश्न एकालाही पडला नव्हता. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या सासूबाई आणि गप्प? शक्यच नाही! ही बाई दिवसातून तीनदा फोन करते. सकाळी विचारायला, दुपारी सांगायला आणि संध्याकाळी सकाळचं पुन्हा विचारायला. मागे एकदा टॉवर बंद पडला होता त्यांच्याकडचा. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं ना? छे! दूध नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप. तो बिचारा वाट वाकडी करून आमच्या दारात उभा, 'तुमच्या सासूबाईंनी सांगितलंय, की त्यांचा फोन बंद आहे, त्यामुळे त्या काही सांगू शकत नाहीत, आणि जावईबापूंनी स्वेटर घालावा.'

म्हणजे बघा हं, फोन नाही म्हणून ती बाई गप्प बसत नाही. गप्प आहे याचा अर्थ फोन नाही, शिवाय गाडी नाही, रस्ता नाही, आणि घराबाहेर पाऊल टाकायला जागाही नाही. याहून पक्की माहिती मला कुठून मिळणार होती?

गेलो साहेबांकडे. म्हटलं, "साहेब, वळणावरच्या वस्तीचा हिरवा काढा."

साहेब म्हणाले, "का? काही आकडा आला?"

"आकडा नाही. सासूबाईंचा फोन आला नाही. ही बाई आणि गप्प? शक्यच नाही! काहीतरी भयंकर घडलंय!"

साहेबांनी माझी पेन्सिल सरळ केली. "अहो, ज्यांचा फोन येतो त्यांची आपण नोंद करतो. ज्यांचा येत नाही त्यांची कशी करणार? आणि समजा हिरवा काढला, तर तिथे काय ठेवायचं? भोक? थोड्या वेळात वरचे लोक यायचेत, नकाशात भोक कसं दिसेल?"

"भोकच आहे हो तिथे!"

"तुम्ही दमलात. चहा घ्या. आणि तोवर बाकीच्यांचा तरी आकडा सांगा, आकडा!"

मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. दिवस कलत आला होता, अंधारात बोटी जात नाहीत, आणि राहिलेली शेवटची बोट एका पिवळ्या ठिपक्याकडे निघाली होती, जिथे आधीच पांघरुणं पोचली होती आणि लोक आता म्हणे जाड पांघरुणं मागत होते. मी तसाच जिना उतरून खाली. बोटीचं सगळं ज्या बघतात त्या ताई, हातात टॉर्च, पायात गुडघ्यापर्यंत बूट, दोर गुंडाळत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, हिरवा ठिपका, रिकामा रकाना, दूधगाडी, स्वेटर... मला वाटलं, हसणार आता. कोणीही हसलं असतं.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसातून तीनदा?"

म्हटलं, "कमीत कमी."

"आणि काल सकाळपासून एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्यांनी दोर बोटीत टाकला. म्हणाल्या, "मलाही सासू आहे. निघते."

आणि गेल्या हो! नकाशाला न विचारता गेल्या. मी वर येऊन बसलो. साहेब शेजारी येऊन उभे राहिले, पण पेन्सिललाही हात लावला नाही. मी त्या हिरव्या ठिपक्याकडे बघतोय... आणि मनात काय येत होतं सांगू? या बाईने आयुष्यभर माझं डोकं खाल्लं. फोन वाजला की मी बायकोला खूण करायचो, सांग, अंघोळीला गेलेत. दिवसातून तीनतीनदा अंघोळ करणारा जावई! आणि आता मी देवाला म्हणत होतो, वाजू दे बाबा एकदा, वाट्टेल ते बोलू दे.

वायरलेस खरखरला. आधी नुसतीच खरखर, मग त्यातून आवाज, "जावईबापू! किती वेळ लावलात!"

जीव भांड्यात पडला माझा. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. सगळी वस्ती धान्याच्या गोदामाच्या पत्र्यावर चढून बसली होती, कमरेइतकं पाणी खाली, आणि सगळी माणसं जिवंत! आणि मला काय झालं कुणास ठाऊक, त्या आनंदात माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? मी म्हटलं, "आई, किती जण आहात? आकडा सांगा, आकडा!"

सवय हो, दुसरं काय!

मग जो तोंडाचा पट्टा सुटला! "आकडा कसला विचारता? लिहून घ्या. गिरणीवाल्याची आई, तिला चालता येत नाही, तिला उचलूनच न्यायचं, आणि ती नको नको म्हणेल, ऐकायचं नाही. शिंपिणीचा धाकटा, त्याच्या अंगात ताप, काल रात्रीपासून काही खाल्लं नाही. मास्तर, त्यांची साखरेची सुई वाहून गेली, ती आधी पाठवा. मास्तरांची बायको ठणठणीत आहे, पण विचारलंत तर चक्कर येते म्हणेल..." बाई वायरलेसचं बटण काही सोडेनात! बाकीच्या बोटी गप्प, कुणाला मध्ये शिरता येईना. पण ऐका हं, मी टाइप करत गेलो, आणि झालं तेव्हा लक्षात आलं, इतकी स्वच्छ माहिती अख्ख्या पुरात आली नव्हती. एक माणूस दोनदा नाही, एक माणूस सुटलेला नाही. सुई पोचली, ताप उतरला, गिरणीवाल्याची आई नको नको म्हणत आली.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी नकाशात चौथा रंग आणला, राखाडी, म्हणजे 'ठाऊक नाही'. इतकंच करून थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. प्रत्येक वस्तीच्या माहितीत एक नवा रकाना घातला, 'वस्तीतली सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती'. ती व्यक्ती गप्प झाली, की बोट निघालीच पाहिजे. कल्पना उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. चालतेय सुद्धा.

फक्त साहेब परवा आमच्या घरी आले. सासूबाई आमच्याकडेच आहेत, त्यांचं घर वाळेपर्यंत. साहेबांनी चहा घेतला, बशी सरळ केली आणि हात जोडून म्हणाले, "आई, धन्य आहे तुमची! तुमच्या जावयांनी आम्हाला ठासून सांगितलं, ही बाई आणि गप्प? शक्यच नाही! काहीतरी भयंकर घडल्याशिवाय हिचं तोंड बंद होणारच नाही!"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "असं म्हणाले का जावईबापू?"

बस्स. तेव्हापासून एक अक्षर नाही. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात, जेवतात, ताट उचलतात, माझ्याकडे बघतात... तोंडाला कुलूप! बायको म्हणते, तुमचं तुम्ही निस्तरा. आणि ही बाई गप्प असली म्हणजे काय समजायचं, हे तर मीच सगळ्या खात्याला शिकवून बसलोय. पण या वेळी मी बोट पाठवू तरी कुठे?