काकांची डायरी आणि माझा जुना कॉम्प्युटर

खरं सांगू? नव्या सिस्टीमला सगळं येतं, फक्त जुन्यांची ओळख ठेवता येत नाही. म्हणून मुरार भागातल्या माझ्या बिजलीच्या सामानाच्या दुकानात वीस-बावीस वर्षांचा कॉम्प्युटर मी अजून चालू ठेवलाय. बायको त्याला कबाड म्हणते.

परवा थाटीपूरचे आपटे काका-काकू पेन ड्राइव्ह घेऊन आले. नोकरीत असताना काकांनी कॉम्प्युटरवर मराठीत डायरी लिहिली होती. नव्या लॅपटॉपवर उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! घरी मुलगा म्हणाला, "बाबा, फाइल खराब है, डिलीट कर दो."

काकांचा चेहरा उतरला होता. "दहा वर्षं लिहिलंय रे. बघ ना काही जमतं का."

काकांनी ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलं होतं, तो नव्या लॅपटॉपमध्ये नव्हता; माझ्या कबाडात होताच. पान उघडलं आणि काकांचे डोळे भरून आले. काकूंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आज पण हिच्या वरणात मीठ नव्हतं. भांडण नको म्हणून 'छान झालंय' म्हटलं."

काका घाईघाईने म्हणाले, "बंद कर भैया. मुलगा बरोबर बोलला, फाइल खराबच आहे."

काकू खुर्ची ओढून बसल्या. "खराब कुठे? मला तर अगदी स्वच्छ दिसतंय. पुढचं पान काढ."