दव तीनदा गोठल्यावर

– नाही हो, ते चक्र नका घेऊ, त्याच्या तारेचं टोक बाहेर आलंय, तुमच्या दाराचा रंग ओरबाडेल. हे घ्या. हुंगून तर बघा! बाल्समच्या झाडाच्या हिरव्या फांद्यांचा वास आहे हा, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या चक्रांना कुठून येणार? दारावर टांगलंत की नाताळभर राहील. बोस्टनकडच्या ना तुम्ही, गाडीच्या नंबरपाटीवरून कळलं मला. बसा की त्या खोक्यावर, शेगडीजवळ – ऑरिन नि हॅटी शेंडे घेऊन आले की तुम्हाला हवं तसं मोठं चक्र बांधून देते. ऑरिन माझा नवरा, हॅटी पोरगी. यायला हवे होते एव्हाना. जंगलात शिरला की ऑरिनला घरदार आठवत नाही, आणि पोरगी बापाच्या वरताण. येतील. जातायत कुठे! – शेंडे कसे काढतात? कात्रीनं नाही हो, हातानं. फांदीचं टोक असं अंगठ्याखाली धरायचं नि मोडायचं, कट्. पण त्याआधी दव तीनदा गोठावं लागतं. आधी तोडलंत तर नाताळापर्यंत सगळ्या सुया तुमच्या पायपुसण्यावर. तीनदा गोठलं की झाड सुया सोडत नाही. इकडे मेनच्या जंगलात हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणि दुसरंही एक ठाऊक होतं – म्हणजे आम्हाला वाटायचं, ठाऊक आहे – की तीनदा गोठलं म्हणजे गोचिडी संपल्या. उन्हाळ्यात आम्ही पँट मोज्यात खोचून फिरतो, घरी आलं की एकमेकांच्या कानामागे बघतो, सगळं करतो. पण नोव्हेंबरात? नोव्हेंबरात जंगल धुतल्यासारखं स्वच्छ. सासरे म्हणायचे, ऑरिन म्हणायचा, मीही म्हणायचे. पूर्वी खरंही असेल. आता थंडी कुठे राहिलीय पहिल्यासारखी? सकाळी गोठतं, दुपारी कोट काढावा लागतो – आणि त्या बया दुपारी उठतात, जेवायला. तिळाएवढी असते, पण काळी. चावलेली कळतसुद्धा नाही. चावली की लाइम नावाचा आजार देऊन जाते. लाल चट्टा उठतो म्हणतात, केसांत उठला तर कोण बघणार? – थांबा, तुमच्या कॉलरवर – नाही, दोरा आहे. कोटाचाच दोरा. माफ करा हं, हात आपोआप जातो माझा.

आता आमच्या गावात कुणालाही विचारा. पोस्टातली बर्निस, तिचा अर्धा चेहरा लुळा पडला होता, तिकिटं चिकटवायची तर ओठ जागेवर राहीना. शाळेच्या बसचा ड्रायव्हर सुजलेला गुडघा घेऊन घरी बसलाय, पोरांना आता बापलोक सोडतात. चर्चमध्ये शनिवारी बीन्सचं जेवण असतं, पूर्वी तिथे शिकारीतल्या हरणांच्या शिंगांच्या फुशारक्या चालायच्या, आता कुणाला कुठली गोळी सुरू आहे त्याच्या गप्पा. दर वर्षी आजाराची दोन-चार घरं वाढतातच. दवाखान्यातली नर्स आता दारातच विचारते, कुठे चावली? आता विचारते. तेव्हा नाही विचारलं कुणी. तेव्हा म्हणाले, फ्लू आहे, गावभर आहे, झोपून राहा. डेलनं ऐकलं. जन्मात कुणाचं ऐकायचा नाही तो, तेवढं ऐकलं.

डेल? – छे, तुम्ही चक्र घ्यायला आलात नि मी काय घेऊन बसले. डेल माझा मोठा. काठीवर शेंडे ओवून ती खांद्यावर घेऊन यायचा ना, तर दारातून मावायचा नाही, वाटायचं झाडच घरात शिरलं. गेल्या डिसेंबरात, ताप उतरून हिंडाफिरायला लागल्यावर म्हणाला, आई, काठी जड लागतेय. मी म्हटलं, काल नाचात जिला उचललीस ती पोरगी नाही लागली जड? हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, छातीत काहीतरी फडफडतंय. आणि पायरीवर बसला बूट घालायला. एक घातला. – दुसरा मी अजून – जाऊ दे. मागाहून कळलं, लाइमच होता तो, हृदयात उतरलेला. गुडघ्यात उतरतो हे माहीत होतं हो आम्हाला, हृदयात? डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं. मी म्हटलं, मला एकच मुलगा होता, मला क्वचित काय नि नेहमी काय. वेळेवर साध्या गोळ्या मिळाल्या असत्या तर उठून बसला असता. बर्निस बसलीच की. चांगली शिट्टी वाजवते आता.

म्हणून मी हॅटीला तपासते. जंगलातून आल्या आल्या मोजे उलटे करते, केस विंचरते, चादर झटकते. गेल्या रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते, मला तिच्या कानामागे काळं दिसलं – घातली की मी बोटं केसांत! बाल्समचा चीक होता, वाळलेला. मागच्याच बाकावर तो केलब, ज्याच्यासाठी तिनं नवा फ्रॉक घातला होता. घरी आलो. मग म्हणाली, "डेल गेल्यापासून तू मला नुसती तपासतेस, आई. माझ्याशी बोलत नाहीस. मी मेलेय का? पुन्हा हात लावलास तर पोर्टलंडला मावशीकडे जाईन, आणि येणार नाही." जाईल हो. माझ्यावरच गेलीय. ती गेली तर या घरात ऑरिन नि मी, आणि ऑरिन तर माझ्याशी बोलतच नाही हल्ली. म्हणून शब्द दिला. ती आरशात बघते म्हणे स्वतःचं स्वतः. बघत असेल. पण मानेमागचं आरशात दिसतं का? तुम्हाला दिसतं का तुमचं? शब्द दिल्यावर ती जंगलात गेली ती आज पहिल्यांदाच. बघा, तार धरून बसलेय, हात कामाला लावलेत.

– गाडी वाजली ना? आले. ते बघा नारिंगी जॅकेट. हसतेय, बापानं काहीतरी वात्रटपणा केला असणार. टोपी काढली. – बाई, एक कराल? तुम्ही त्या बाजूला बसलाय, तुम्हाला सहज दिसेल. ती काठी ठेवायला वाकली की फक्त मानेवर, कॉलरच्या वर. केस बांधलेत तिनं, दिसेल. तिला कळू देऊ नका. काही नसलं तर नुसती मान हलवा, मला पुरे –

काय गं हॅटी, गारठलीस? ठेव, ठेव तिथेच काठी. या बाई बोस्टनच्या, मोठं चक्र हवंय त्यांना. बस ना शेगडीजवळ. नाही, हात नाही लावत, बघ, तार आहे हातात. सांग, कसं होतं आज जंगल? हरणं दिसली? मी ऐकतेय, तू बोल – बाई? – बोल गं तू, ऐकतेय मी – बाई, मान हलवा ना.