वायरीवरचं लुगडं

…नाही, नाही, ओमप्रकाशभाऊ, ते लुगडं तिथंच बादलीत राहू द्या, घरात नका आणू, पाणी गळून राहिलं — अन् बसा. बसा गा दिवाणावर, जिना चढून-उतरून दमले असान. तुमच्या आधी इंटरनेट कंपनीचे चार जण येऊन गेले, एकानंही गच्चीवर पाय ठेवला नाही. सगळे दुपारी तीन-चारले येत, डब्ब्याचा हिरवा लाईट पाहत अन् म्हणत, काकाजी, लाईन तं ओके आहे, तुमच्या मोबाईलवर नंबर आला असन तेवढा सांगा, कंप्लेंट बंद करतो. मी सांगे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजले का पुन्हा लाल. म्हणून यावेळी मी फोनवरच्या बाईले म्हटलं का बाई, माणूस पाठवशीन तं सकाळी पाठव, ताप असते तवाच डॉक्टरनं पाहावं, उतरल्यावर येऊन काय उपयोग. तं तुम्ही आले. लाल लाईट पाहिला, वायर धरून-धरून वरतं गेले — अन् खाली आले ते माह्या बायकोचं लुगडं हातात घेऊन.

हो, मीच वाळू घालतो. रोज. एक लुगडं, एक चादर, माहा पायजामा. आता तुम्ही म्हणता का या वायरीत तांबं नसते, केसाएवढा काचेचा तंतू असते, कोपऱ्यावर वाकला का उजेड पुढे जात नाही — मले काय माहीत गा? मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली. कालव्याले कितीही वळणं द्या, पाणी पुढे जाते, एवढं मले माहीत. पण बरोबर आहे तुमचं. नऊवारी ओली झाली का एका हातानं उचलत नाही. टाकलं का आधी काही होत नाही, मंग पाणी काठात उतरते, वायर हळूहळू खाली येते, अन् दहा-पंधरा मिनिटांत लाईन गेली. दुपारी लुगडं वाळलं, वायर वर, सगळं ओके. म्हणजे सकाळी मीच लाईन बंद कराची अन् मीच तुमच्या नावानं बोंब माराची. हसा, हसा. दुसऱ्याच्या घरचं असतं तं मीही हसलो असतो.

दोरी? होती नं दोरी. जिन्याच्या गजापासून टाकीच्या पाइपापर्यंत, सुताची, जाड. ती नेली — नेली म्हणजे, माही जयवंता गेली नं, त्या संध्याकाळी लोकं जमले, तिरडी बांधाले घेतली अन् सुतळी कमी पडली. पुन्हा दुकानात कोण जाईन? कोणीतरी वरतं गेलं अन् दोरी कापून आणली. मी पाहत होतो, इथंच, दाराजवळ उभा. म्हटलंही नाही का राहू द्या. तिनंच बांधली होती ती, स्टुलावर चढून, माह्यावर ओरडत का तुमच्यानं एक गाठ धड बसत नाही. तिच्यातच बांधून नेली तिले. नंतर मी दोनदा गेलो नवीन दोरी आणाले. दुकानदार म्हणे, किती मीटर देऊ? मी साबणाची वडी घेऊन वापस आलो. अन् गच्चीवर तुमची काळी वायर होतीच, नवी कोरी, हाताच्या उंचीवर, त्याच जागेवरून गेलेली. टाकलं तिच्यावर.

आता माणूस गेल्यावर त्याचे कपडे काहून धुता म्हणान. तुम्ही नाही म्हणणार, पण मनात म्हणान. अकरा लुगडे आहेत तिचे, खाप्याहून आणलेले, आमचं गाव ते. तेरवीले देऊन टाकाचे असतात. ही शेजारची वंदना म्हणाली, काकाजी, मी गरजूले देऊन येतो. मी म्हटलं, नाही, भूमिका येऊ दे, लेकीच्या हातानं जाऊ दे. भूमिका म्हणजे माही पोरगी, एकुलती एक, कॅनडात असते. तिले येता आलं नाही — बाळंत होऊन वीस दिवस झाले होते, लेकराचा पासपोर्टही नव्हता. येईन-येईन म्हणत सहा महिने झाले. पेटीत ठेवलं तं लुगड्याले कुबट वास लागते. म्हणून रोज एक धुतो. बाराव्या दिवशी पहिलं पुन्हा येते. वासही गेला आता त्याचा, साबणाचाच येते, पण धुणं काही सुटत नाही मले.

कागदाचं म्हणता? हो, तुम्ही दारात पाय ठेवला तवाच मी म्हटलं होतं का कंपनीच्या कागदावर लिहून द्या, शिक्का मारून — लाईनमध्ये बिघाड होता, ग्राहकाचा काही दोष नाही. भूमिकाले पाठवाचा होता. काय होतं, ती रोज दहाले फोन लावे, या टॅबवर, तोंड पाहून बोलाचा. लेकरू झोपलं असे तिकडे. साध्या फोनवर बोलाले ती तयारच नाही. म्हणे, बाबा, तुम्ही फोनवर खोटं बोलता, तोंड दिसलं का मले समजते. जेवले का, बीपीची गोळी घेतली का, असं करत-करत ती तिच्या प्रश्नावर येई अन् इकडे कट. एकदा झालं, दोनदा झालं, वीसदा झालं. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला, वंदनानं वाचून दाखवला मले. बाबा, तुम्ही मुद्दाम बंद करता. मी आता फोन करणार नाही. बस, एवढाच. तवापासून नाही केला.

काय? तुमच्या मोबाईलात तारीख दिसते? पहिली कंप्लेंट मागच्या महिन्यातली. हो, बरोबर आहे. अन् वायरीवर लुगडं तं सहा महिन्यांपासून पडते, हे माह्याच बोलण्यातून निघालं आता… मंग पाच महिने चूप काहून होतो, असं नं? — चहा ठेवू का? नको? साखर कमीची करतो मी. बरं, राहू द्या.

चूप होतो कारण मले बरं वाटे. खरं सांगतो. ती विचारे — आईले सकाळी आठपासून बरं नव्हतं, वंदनाताई सांगते, तं दवाखान्यात तीन वाजता काहून नेलं? — अन् तिचं तोंड तसंच थांबे पडद्यावर, अर्धं उघडं, अन् ते चक्र गोल-गोल फिरत राहे. मी मनात म्हणे, चला, सुटलो आजचा दिवस. वरतून डोळ्यात पाणी अन् आतून सुटलो. असा बाप आहे मी.

सकाळी म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटते. मी म्हटलं, रात्रीचं भरीत बाधलं असन, ओवा खा. खाल्ला. कपडे धुतले, बादली घेऊन वरतं गेली, वाळू घातले. अकराले घाम फुटला तिले. मी म्हटलं, चाल, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेतो. पण त्या दिवशी तुमचे वायरवाले येणार होते. तुम्ही नाही, दुसरे दोघं होते, त्यांचा काही दोष नाही. मेसेज होता का दहा ते दोनच्या मधात येऊ, घरी कोणी नसलं तं तुमचा नंबर मागे जाईन. तसं आधी दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा पंधरा-पंधरा दिवस गेले. जयवंता म्हणाली, येऊन जाऊ द्या त्यांले, मंग जाऊ. नात झाली होती, फोटो पाहून तिचं मन भरत नव्हतं, तिले लेकरू हात-पाय हालवताना पाहाचं होतं. आता पोरीले मी सांगू शकतो का तुही आईच म्हणाली थांबा. पण भाऊ, ती चाळीस वर्षं मले काही ना काही म्हणत आली, मी कधी ऐकलं? नेमकं त्या दिवशी ऐकलं. मलेही पुन्हा पंधरा दिवस थांबाचं नव्हतं, म्हणून ऐकलं. दीड वाजता आले ते. भिंतीले भोक पाडलं, वायर ओढली, डब्बा बसवला. ती तुम्ही बसले त्याच जागेवर होती, भिंतीले टेकून. त्यांले पाणी पाहिजे का तेही तिनंच विचारलं. हिरवा लाईट लागला तवा अडीच वाजले होते. मी म्हटलं, लागला वं, चाल आता. तिले उठताच आलं नाही. डॉक्टरनं एकच विचारलं का त्रास कधीपासून होता, अन् मी म्हटलं, आत्ताच सुरू झाला साहेब. तिथंही खोटं बोललो.

अन् अजून एक. एक दिवस पाऊस होता, कपडे टाकलेच नव्हते. लाईन गेलीच नाही त्या दिवशी. पोरगी विचारत होती अन् पडदा एकदम साफ, तिच्या कानातलं दिसत होतं. मी वाट पाहिली का आता जाईन, आता जाईन. मंग मीच बटन दाबलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा तो मेसेज आला. त्या एका दिवसाचा कागद तुम्ही कुठून देणार?

नाही, नका लिहू. खिशात ठेवा तो पेन. पोरगी खरंच बोलली होती अन् मी तिले खोटं पाडाले कंपनीचा शिक्का मागून राहिलो होतो.

हं? टेस्ट? म्हणजे तुमच्यासमोर व्हिडिओ कॉल लावून दाखवाचा, त्याबिगर तुमचं काम पुरं होत नाही. कोणालेही लावा म्हणता. कोणालेही म्हणजे, याच्यात एकच नंबर आहे गा. तिकडे आता झोपाची वेळ झाली असन, नाही उचलणार ती. — नाही उचलला तं नाही उचलला, वाजलं का झालं, बरोबर. थांबा, चष्मा. हे हिरवं नं? दाबलं.

वाजून राहिलं.

तुम्ही निघा आता, ओमप्रकाशभाऊ. पाहिलं नं, चालू आहे लाईन. नाही, पाणी-बिणी काही नको मले, जा तुम्ही. दार लोटून घ्या — हो, भूमिका. मीच लावला. हो, बेटा. नाही, आज नाही जात लाईन. विचार.