धाकटीवरचा गुराखी

ऐका. हसायचं नाय, आणि मधेच उठून घरी जातो म्हणायचं नाय.

आपल्या डोंगराला दोन शिखरं. थोरलीवर देवी, तिथं जत्रेला सगळेच चढतात. धाकटीवर काय आहे? काय नाय! नुसता वारा. आणि तो.

माझा चुलता धावजी. त्याची हरणी गाय गाभण, दिवस भरलेले, ती डोंगरातून परतलीच नाय. घरात दुभतं तेवढंच, आणि कडूसं पडलेलं. बायको म्हणाली, "अवं, उजाडू द्या." धावजी कशाला ऐकतोय! "तोवर बिबट्या तिला ठेवतोय व्हय?" म्हणाला, खांद्यावर घोंगडी टाकली, निघाला.

दोन शिखरांमधल्या खिंडीत पोचला. आता बघा, दिवेलागणीनंतर डोंगरात गुराला नावानं हाक मारत नाय आपण. जिभेनं टकटक करायचं, बस. पण जीव कासावीस झालेला माणूस! दिली हाळी, "हरणेऽऽ!"

झालं. नाव कळलं त्याला.

वरून, धाकटीवरून, हरणीच्या गळ्यातली घंटा वाजली. मग हाक आली, "हरणेऽऽ!" आवाज कुणाचा? धावजीचाच! तोच घोगरा, तोच हेल. अंगावर काटा आला त्याच्या. पण घंटा पुन्हा वाजली, आणि पाय चढायला लागले.

टोक दिसलं. गेला, तर पुढं आणखी टोक. तिथं गेला, तर आणखी! तीनदा, चारदा. ऐन थंडीत घाम फुटला. शेवटी सपाटी आली आणि धावजी जागच्या जागी थांबला.

काय बघितलं त्यानं! वारा बंद. चांदणं असं, की गवताची पात न् पात दिसावी. आणि गुरं. शे-दीडशे गुरं, गपगार उभी. आपल्याच गावची, बरं का! आज्यापणज्याच्या काळापासून डोंगरात हरवलेली. धावजीच्या लहानपणीचा बांड्या बैलसुद्धा. मधोमध काळी घोंगडी घेतलेला उंच गुराखी. त्याचा हात फिरेल तिकडं सगळ्या माना वळत होत्या. धावजी सांगायचा, "भ्यालो रं, पण हात आपसूक जोडले गेले. गुरांवर एवढी माया मी कुठं बघितली नाय."

कडेला हरणी. व्यालेली! ओलं वासरू चाटत होती.

"ही माझी," गुराखी धावजीच्याच आवाजात म्हणाला. "नाव तूच सांगितलंस मला."

धावजी पुढं झाला, वासरू खांद्यावर घेतलं, उतरायला लागला. मागून हाक, "हरणेऽऽ!" गाय थांबली. वासरू हंबरलं. गाय दोन पावलं आली. पुन्हा हाक. पुन्हा वासरू. हाक. वासरू! आई ती, आली मागं.

मग आवाज कानाशी आला. अगदी गोड. "धनी, वासराचं नाव काय ठेवणार?"

धावजीनं जीभ अशी चावली की रक्त आलं. खिंड ओलांडली तेव्हा कुठं श्वास घेतला.

त्या कालवडीला जन्मभर नाव ठेवलं नाय. आठ वेतं दिली तिनं, नुसतं "ए" म्हटलं की यायची. मरून वीस वर्षं झाली तिला. पण तिन्हीसांजेला खिंडीवरून येणाऱ्यांना अजून ऐकू येतं. धाकटीवरून कुणीतरी एकेक नाव घेऊन बघतंय. ढवळे... चांदणे... पवळे... मायेनं, न थकता.

म्हणून सांगतो, तिन्हीसांजेला गुरं घेऊन जायचं नाय त्या वाटेनं. एखाद्या दिवशी तुमच्याच दावणीच्या गायीचं नाव त्याच्या तोंडी यायचं.