जुन्या उत्तराचा भोंगा

"कॅशच्या फाईलीले हात लावायचा नाई" — पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं ना तुमी, देवरावभाऊ? काऊन, ते विचारायचं नाई. नाई विचारलं मी; मले तर आधी पैशाची कॅश वाटली. लाईट जाते, मशीनले काय काय जोडलं आहे ते तपासणारी स्क्रिप्ट अर्ध्यात मरते, सारी तपासणी पुन्हा पह्यल्यापासून — म्हणून एकदा भेटलेली उत्तरं त्या फाईलीत ठेवायची, पुढच्या खेपेस तीच वाचायची. साऱ्या राज्याले वीज आपलं चंद्रपूर देते अन् आपणच लाईटची वाट पाहतो — हसू नका, मी हसवून नाई राह्यली!

नव्या मशीनवर जुनी फाईल कोणं आणली? या श्रीहरीभाऊनं. वेळ वाचावा म्हणून. आता हा कॉम्प्युटरचा पडदा पाहा — 'भोंगा जोडला आहे काय? नाई. जुनं उत्तर.' जुनं! आपल्या इथल्या जुन्या मशीनले भोंगा नव्हताच. या मशीनले आहे, हा काय, तुमच्या कोपराजवळ, वायर लावून. स्क्रिप्टनं त्याच्याकडं पाह्यलंच नाई. भोंगा वगळून गॅसचा इशारा देणारा प्रोग्राम बांधला, अन् आपण तो पेढे वाटून खाणीत बसवून आलो. आता तिथं गॅस वाढला तर पडद्यावर आकडा तेवढा लाल होईल, आवाज होणार नाई. ऑपरेटर चहा प्यायले उठला तर? — चाचणी पास झाली म्हणता? कोणती चाचणी, भाऊ? 'भोंगा नाई' म्हणून त्यानं भोंग्याची चाचणीच सोडून देली!

अन् खाणीवाल्यायचा स्वतःचा जुना भोंगा आज सकाळीच उतरवला. तुमीच सांगितलं, आता गरज नाई म्हणून. माणसं खाली आहेत, भाऊ. पाळी वर बोलवा. एक फोन — नाव जाईल? जाऊ द्या ना नाव! निकेश खाली आहे, सकाळी डबा देला मी त्याले तर म्हणे, आता तुह्या प्रोग्रामच्या भरवशावर—

कोण निकेश म्हणजे? आहे एक. हो, तोच. सांगा माह्या बाबाले, आजच सांगा, पण आधी फोन करा.

संध्याकाळी पाहू? नाई. शांत बस? नाई बसत. फाईल मी उडवली, हे पाहा, तुमच्यासमोर. सरका, श्रीहरीभाऊ. बोला ना, फोन कोण लावते, तुमी का मी?

आता दोघंही खणात काय हुडकून राह्यले?

राहू द्या. डायरी नका शोधू. खाणीचा नंबर मले पाठ आहे.