भिंतीपलीकडचे मास्तर

वडील वारले त्याच्या आदल्या दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. आई गेल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. बाकावर बोटांनी टकटक करत बसलेले वडील आत गेले, तसे शेजारचे दोन म्हातारे बोलू लागले.

“ही टकटक ओळखलीस? युद्धकैदेतले आपले मास्तर!”

“शेजारच्या कोठडीतून सांकेतिक टकटकीनं भिंत ठोकून स्टोइक तत्त्वज्ञान शिकवायचे, ते?”

“तेच. ‘आपल्या हातात आहे तेवढंच सांभाळ.’”

“मी उलट ठोकून कळवलं होतं, हातात बेड्या आहेत, मास्तर!”

“मग?”

“‘जीभ मोकळी आहे ना? ती सांभाळ.’”

“स्वतः मरणाचा मार खाल्ला, पण भिंत ठोकणाऱ्या आपल्यातल्या एकाचंही नाव सांगितलं नाही गड्यानं.”

वडील बाहेर आले. तिनं त्यांचा हात धरला.

“बाबा, आईसाठी तुम्ही रडला नाहीत, म्हणून मी तुम्हाला दगड समजत होते. चुकलं माझं.”