धक्क्याकडे पाठ

—अहो भाऊ, जरा सावकाश! फिरायला निघालात की समुद्र मागं लागलाय तुमच्या? पाहुणे दिसता. इथला माणूस पांढरे बूट घालून पहाटे ओल्या वाळूत उतरत नाही—रागावू नका हो, म्हातारीच्या जिभेला हाड नसतं. भेटलातच तर एक काम करा माझं. असे माझ्यासमोर उभे राहा आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बंदराकडे बघा. मी? मी नाही बघायची. माझी पाठच बरी तिकडं.

का म्हणून काय विचारता—ऐका. आटपाट बंदर होतं, तिथं एक सासू होती, तिची एक सून होती, आणि दोघींच्या मध्ये एक होडी होती. सासू कोण ते ओळखलंच असेल, बुटांच्या मानानं हुशार दिसता तुम्ही. होडी माझ्या मुलाची—इंजिनाची, माणसं पलीकडच्या काठाला नेणारी. त्याची नजर अधू होत गेली, तशी होडी आठ महिने दावणीच्या गाईसारखी बांधलेली. सून म्हणाली, मी चालवते. मी म्हटलं, अगं, तुला कपाट सरकवताना भिंत दिसत नाही! पण ऐकते होय? माझीच सून ती. शिकली. परवान्याची परीक्षा आली—लांब पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालायचा, परत यायचं, आणि होडी धक्क्याला अशी टेकवायची की फळीवरचा काठोकाठ भरलेला पेला सांडता कामा नये. सगळं झालं हो बरोबर, अगदी शेवटच्या दहा हातांवर आली—आणि धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "डावीकडे घे, डावीकडे!" कुणीतरी काय—मीच! तिनं बिचारीनं घेतली डावीकडे. पेला गेला, परीक्षक साहेब बसल्या जागी आडवे, होडीच्या नाकाला हा एवढा पोचा. मदतीलाच ओरडले म्हणा—म्हणजे, मदतीला की मोडता घालायला, ते माझं मलाच अजून नीट—जाऊ द्या. तिनं एका शब्दानं विचारलं नाही मला. विचारलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. उलट त्या रात्री माझ्या गुडघ्यांना तेल चोळत बसली. आता अशा सुनेशी भांडायचं तरी कसं, सांगा!

आज दुसरी खेप. आज नापास झाली तर होडी विकायची, गिऱ्हाईक दारात उभंच आहे. मुलानं शपथ घातलीय—"आई, आज धक्क्यावर पाऊल टाकायचं नाही." नाही टाकलं. वाळूबद्दल तो काही बोलला नाही. —बघताय ना? हिरवी होडी, काठीवर पिवळं फडकं, शिकाऊ माणसाचं. पास झाली तर साहेब ते स्वतःच्या हातानं उतरवतात. वळसा झाला? मोठा घेतला? शहाणी गं बाई! आता येतेय? सरळ? अहो, तुमचं तोंड असं का झालं—डावी—नाही, नाही, मी काही बोलले नाही! हा बघा, पदर कोंबला तोंडात.

…

टेकली? मग आवाज कसा नाही आला? असं होय—आवाज येत नाही तेच चांगलं. साहेब काय करतायत? पेल्याकडे बघतायत? बघू द्या, बघू द्या. उठले? काठीकडे चालले? फडकं सोडतायत? अहो, नीट सांगा, म्हातारीला फसवू नका. खाली घेतलं? सगळं?

बरं.

बरं, बरं. आमचं घर तरलं म्हणायचं. उद्यापासून पहिली फेरी तिची. आणि आता मला पळायला हवं—ती यायच्या आत भाजी चिरत बसायचं, काही म्हणजे काही ठाऊक नसल्यासारखं. ती सांगेल तेव्हा म्हणायचं, "अगं बाई, खरंच की काय!" —जमलं? खोटं वाटलं? पुन्हा म्हणते. "अगं बाई… खरंच?" हं, हे बरं. हसताय काय? निघा, निघा तुम्ही. आणि वाटेत कुणी विचारलं, तर मला पाहिलं नाही म्हणा.